अठ्ठावन्नवर थांबलेला काटा

जबाब

दि. १० ऑक्टोबर २०२५

नाव: सौ. सरोज आनंद मेहेंदळे, वय ६२ वर्षे, व्यवसाय: विमा कार्यालयातून लिपिक पदावरून सेवानिवृत्त, सध्या घरकाम, राहणार: टिळकनगर, डोंबिवली पूर्व.

मी आज सकाळी पोलीस ठाण्यात आले असून महिला पोलीस अधिकाऱ्यांसमोर, कोणाच्याही दबावाशिवाय, सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी माझे पती श्री. आनंद मेहेंदळे यांच्यासह राहते. ते कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत व घरी शिकवण्या घेत. आता दोन्ही बंद आहे. आम्हाला अंतरा ही एकच मुलगी. तिने तीन वर्षांपूर्वी मोहने येथील जयेश दामाजी तरे यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जयेश कोळी समाजाचे असून एका कारखान्यात नोकरी करतात. माझ्या पतींना हे लग्न पसंत नव्हते. तेव्हापासून ते मुलीशी बोललेले नाहीत. मी बोलत आले आहे.

काल गुरुवारी दुपारी अंतरा सासरच्या घरी भाजली. सध्या ती ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. गळा, छाती आणि दोन्ही हात भाजले आहेत. ती शुद्धीवर नाही, त्यामुळे तिचा जबाब झालेला नाही. माझ्या पतींनी काल तक्रार दिली की, घरात दुसरे कोणी नसताना अंतराच्या सासू भागीरथी दामाजी तरे यांनी तिच्या अंगावर पेटता पदार्थ टाकून तिला जाळले. भागीरथीबाईंची काल चौकशी झाली. आज त्यांना पुन्हा बोलावले असून त्या आत्ता शेजारच्या खोलीत बसल्या आहेत. त्यांना आज अटक होईल असे मला कळले आहे.

घरात दुसरे कोणी नव्हते हे खरे नाही. मी होते.

काल रुग्णालयात मला विचारण्यात आले की, तुम्हाला हे कधी कळले. मी सांगितले की, भजनाला गेले असताना जयेशचा फोन आला तेव्हा. ते मी खोटे सांगितले. माझे पती शेजारी उभे होते. आजही ते माझ्यासोबत आले आहेत व बाहेर बाकावर बसले आहेत. मी त्यांच्या तक्रारीला दुजोरा द्यायला आले आहे अशी त्यांची समजूत आहे. मी ती दूर केलेली नाही, कारण मग त्यांनी मला येऊ दिले नसते.

दर गुरुवारी मी भजनी मंडळाला जाते असे सांगून घरातून निघते आणि शहाडला उतरून रिक्षाने मोहन्याला जाते. मला एकही अभंग धड म्हणता येत नाही हे तीन वर्षांत माझ्या पतींच्या लक्षात आलेले नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे माझे चालले होते. भागीरथीबाई मला ईनबाय, म्हणजे विहीणबाई, म्हणतात. मी दारात दिसले की विचारतात, "काय ईनबाय, आज कुठला भजन झाला?" आणि स्वतःच हसत सुटतात. माझे येणे-जाणे डोंबिवलीला कळू देणार नाही असा शब्द त्यांनी अंतराला दिला होता. काल रुग्णालयात पोलिसांनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले की, घरात कोण कोण होते. त्या प्रत्येक वेळी म्हणाल्या, "मी नि माझी सून." मी समोरच्याच बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. त्या बाईने माझ्यासाठी शब्द पाळला आणि मी गप्प बसले, याची मला अतिशय लाज वाटते.

आता काल घडले ते सांगते.

अंतरा दिवाळीसाठी घरी मेणाच्या पणत्या करते. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे. तिथे विजेची कॉइलची शेगडी, तिच्यावर ॲल्युमिनियमचा टोप आणि टोपाच्या कडेला चिमट्याने अडकवलेला काट्याचा थर्मामीटर असतो. एरवी ती थोडे थोडे मेण वितळवते. दिवाळी तोंडावर आल्यामुळे काल तिने टोपात मेणाच्या लाद्या वरपर्यंत रचल्या होत्या. ओतण्यासाठी मेण पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवावे लागते, असे तिने मला पूर्वीच सांगितलेले आहे.

मी पोचले तेव्हा शेगडी चालू होती. काटा भराभर चढत अठ्ठावन्नवर आला आणि तिथेच थांबला. लाद्यांच्या कडा पाझरत होत्या, तळाशी पातळ मेण दिसत होते, पण काटा काही पुढे सरकेना. आम्ही तिघी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या होतो. अंतराने थर्मामीटरवर टिचकी मारली आणि म्हणाली, "आई, हा अडकलाय की शेगडी गेली?" भागीरथीबाई म्हणाल्या, "वोल्टेज नसंल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "डांबर असा नाय करत. डांबराला आग दिली का तो मऊ मऊ होत जातो. ह्यो मेन तर हटून बसलाय." त्यांच्या घरी लाकडी होडी होती व तिला दरवर्षी डांबर लावत, त्यावरून त्या बोलत होत्या.

अंतरा म्हणाली, "बाबा काहीतरी शिकवायचे ना गं, बर्फाचं? टोप घेऊन हॉलमध्ये?" ते मला चांगले आठवत होते. दरवर्षी नव्या मुलांसमोर माझे पती बर्फाचा टोप शेगडीवर ठेवत, त्यात थर्मामीटर धरत आणि विचारत, "शेगडी चालू आहे, मग काटा का हलत नाही?" मग ते सांगत की, उष्णता आत जातेच आहे, पण ती सगळी बर्फ वितळवण्यात खर्च होते. शेवटचा खडा वितळेपर्यंत काटा हलणार नाही, आणि वितळला की लगेच पळेल. बर्फ मीच आणून द्यायची व नंतर फरशी मीच पुसायची. परंतु जे बर्फाचे तेच मेणाचे, हे मला काल सुचले नाही. मला वाटले, ते फक्त बर्फाचे आहे. हे माझे अज्ञान होते. अंतरा कॉमर्स शिकली, तिला तर तेवढेही आठवत नव्हते.

अंतरा म्हणाली, "थांब, त्यांनाच विचारते." फोन करण्याआधी तिने हात पुसले आणि केस नीट केले. व्हिडिओ कॉल नव्हता, साधा फोन होता. तिने स्पीकर लावला. पहिल्यांदा रिंग पूर्ण वाजली. दुसऱ्यांदा मध्येच कट झाला. आपोआप बंद होणे आणि कोणीतरी कट करणे यातला फरक आम्हा तिघींनाही कळतो. अंतरा म्हणाली, "बिझी असतील." निवृत्त माणूस भरदुपारी घरी बसून कशात बिझी असतो, हे मी तिला विचारले नाही. भागीरथीबाईंनी तोंड फिरवून टोपाकडे केले.

तीन वर्षांत तिने त्यांना केलेला हा पहिला फोन होता. मला वाटते, काट्याचे निमित्त झाले. तिला खरे तर फोनच करायचा होता.

त्यानंतर अंतराने न्हाणीघरातला पाणी तापवायचा रॉड आणला. तो तिने स्वतःच्या मनाने आणला. भागीरथीबाईंनी सांगितले नाही, मीही सांगितले नाही आणि आम्ही दोघींनी अडवलेही नाही. बादलीवर आडवी फळी टाकून रॉड लटकवतात, तसाच तिने तो टोपावर लटकवला. लाद्यांच्या मधल्या फटीत तो बरोबर बसला. खाली शेगडी चालू, वर रॉड चालू. तरीही काटा अठ्ठावन्नवरच होता. अंतरा वैतागून म्हणाली, "मर तिकडे, चहा घेऊ या."

जबाब देत असताना या ठिकाणी माझे पती दारात आले व "झालं का?" असे त्यांनी विचारले. त्यांना बाहेर बसण्यास सांगण्यात आले. दार पुन्हा लावून घेण्यात आले.

आम्ही पुढच्या पडवीत चहा घेत बसलो. काटा हलतच नाही म्हणून आम्ही काट्याकडे बघायचे सोडून दिले, हीच काय ती चूक झाली. अंतराने बाबांची नक्कल केली. चष्मा नाकावर ओढल्यासारखे करून, त्यांच्या आवाजात, "मुलांनो, काटा का हलत नाही?" भागीरथीबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. मीही हसले. तीन वर्षांत आम्ही तिघी इतक्या कधी हसलो नव्हतो. तेवढ्या वेळात आत मेण पूर्ण वितळले असणार. लाद्या रचलेल्या असताना टोप भरलेला दिसत होता, पण त्या वितळून बसल्या तेव्हा मेण खाली गेले आणि रॉडचा वरचा भाग उघडा पडला. हे मी पाहिलेले नाही. पुढे जे पाहिले त्यावरून सांगते.

जळका वास आला म्हणून अंतरा आत धावली. मी तिच्या मागोमाग गेले. खोलीत पांढरा धूर होता. रॉडचे मेणाबाहेर राहिलेले वेटोळे लाल झाले होते. काट्याकडे पाहायला वेळ नव्हता. अंतराने बटण बंद न करता फळीसकट रॉड वर उचलला, त्याबरोबर टोपातल्या मेणावर आग पसरली. तिने रॉड टाकून दिला आणि बटण बंद करायला टोपावरून वाकली. बटण टोपाच्या पलीकडे भिंतीवर होते. मी ओरडले ते मला आठवते. काय ओरडले ते आठवत नाही.

भागीरथीबाई पडवीतून गोणपाट घेऊन आल्या. त्या सकाळी मासळी विकतात. उरलेल्या मासळीच्या टबात बर्फ असतो आणि त्यावर हे गोणपाट टाकलेले असते. होडीवर डांबराचे भांडे पेटले की ओले गोणपाट टाकून विझवायचे, ही त्यांच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. अशा वेळी गोणपाट पिळून घेतात. काल पिळायला सवड नव्हती. वितळलेल्या बर्फाचे पाणी गळत असतानाच त्यांनी ते टोपावर टाकले. पाणी त्या तापलेल्या मेणात पडले आणि जळते मेण पत्र्यापर्यंत उसळले. अंतरा टोपावर वाकलेलीच होती.

मागच्या खोलीसमोर ज्यांचे घर आहे त्या लक्ष्मीताईंनी सांगितले आहे की, भागीरथीने काहीतरी फेकले आणि भडका उडाला. त्यांनी जे पाहिले ते खरेच सांगितले. खिडकीतून तेवढेच दिसते, मी आत होते ते दिसत नाही. परंतु काय फेकले आणि कशासाठी फेकले, हे मी दोन हातांवरून पाहिले. त्या भडक्यानेच माझी मुलगी जास्त भाजली, हेही खरे आहे आणि मी ते लपवत नाही. पण ते गोणपाट तिला वाचवण्यासाठी टाकलेले होते. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी येथे "सासूने फेकले" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "भागीरथीबाईंनी विझवण्यासाठी टाकले" असे लिहिले आहे.

अंतराचा कुर्ता पेटला होता. भागीरथीबाईंनी तिला ओढून जमिनीवर पाडले आणि तिच्या अंगावर स्वतः आडव्या झाल्या. आग त्यांनी आपल्या छातीखाली आणि तळहातांनी दाबून विझवली. त्यांच्या तळहातांवरची पट्टी काल सर्वांनी पाहिली व त्यावरून तर्कही केले. ती पट्टी या कारणाने आहे. अंतराला बाहेर नेताना त्या सारख्या एकच वाक्य म्हणत होत्या, "पिलला नाय गो मी, पिलला नाय." म्हणजे गोणपाट पिळले नाही. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आम्ही कल्याणला गेलो, तिथून रुग्णवाहिकेने ठाण्याला. त्या धावपळीत मी आधीपासून घरात होते हे कोणाच्या लक्षात आले नाही. दोन्ही वेळा त्या अंतराच्या डोक्याशी बसल्या होत्या. मी पायाशी होते.

अंतराला ओढायला मीही हात घातला, तेव्हा माझ्या उजव्या हातावर मेण पडले. हातच्या कांकणाला आरसा नको, म्हणून मी आज हात अधिकाऱ्यांना दाखवला आहे. मेण अंगावर पडले की लगेच गोठते. गोठले म्हणजे थंड झाले असे वाटते, पण वितळताना त्याने घेतलेली उष्णता गोठताना ते सगळी परत देते, आणि ती कातडीलाच मिळते. हेही शिकवणीतलेच वाक्य आहे, मी स्वयंपाकघरातून ऐकलेले; तिथे ते पाण्याबद्दल होते, मेणालाही लागू आहे हे मला आता कळले. काल रुग्णालयात मी हात पदराखाली ठेवला होता. घरी गेल्यावर पतींना सांगितले की, कुकरची वाफ लागली. त्यांनी स्वतः मलम लावले. हातावर मेणाचा एक पापुद्रा राहून गेला होता, तो त्यांनी नखाने हळूच काढला आणि बोटांवर धरून बराच वेळ पाहत बसले. काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. आमच्या घरी हे असेच चालते.

आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. काल माझे पती रुग्णालयात आले तेव्हा जयेश त्यांना म्हणाले, "सर, काटा अठ्ठावन्नवरच अडकलेला, म्हणून तिने रॉड टाकला असं आई बोलते." माझे पती चिडून म्हणाले, "मूर्खासारखं बोलू नका. काटा अडकत नसतो. सगळं वितळेपर्यंत तो..." आणि मध्येच थांबले. खिडकीपाशी गेले, खिशातून मोबाईल काढला, पाहिला व परत ठेवला. असे त्यांनी काल अनेकदा केले. त्यानंतर थोड्या वेळाने पोलीस आले आणि त्यांनी तक्रार दिली.

फोन न उचलणे हा गुन्हा नाही, हे मला समजते. माझ्या पतींनी जाणूनबुजून खोटी तक्रार दिली असेही मी म्हणत नाही. मुलगी दुसऱ्या कोणी जाळली असे ठरले की माणसाला रागावता येते, आणि रागावणे त्यांना जमते. दुसरे काही त्यांना जमले नाही. मला त्यांची कीवही येते आणि त्यांचा रागही येतो. दोन्ही लिहावे. पण त्यांच्या त्या अर्ध्या वाक्यापायी भागीरथीबाईंनी तुरुंगात जाऊ नये. अंतराने फोन केला तेव्हा तिला कोणी एक वाक्य सांगितले असते, की बेटा, थोडं थांब, वितळू दे, तर तिने रॉड आणला नसता.

दोन फोन केल्याची नोंद अंतराच्या मोबाईलमध्ये असेल. तो जळालेला नाही, पडवीत चहाच्या कपांजवळ राहिला होता. तिथे तिसरा कप आहे. तो माझा आहे. काल पंचनाम्यात तीन कप लिहिले असतील तर तिसरे कोण, हे कोणीतरी विचारायला हवे होते.

माझी भागीरथी दामाजी तरे यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. मी अंतराची आई म्हणून हे सांगते. अंतरा शुद्धीवर आल्यावर ती जे सांगेल ते माझ्या सांगण्याहून वेगळे असणार नाही. ती शुद्धीवर येईल असे डॉक्टर म्हणतात.

माझे सांगणे इथे संपले. लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवावे आणि वाचताना दार उघडे ठेवावे, अशी मी विनंती केली. ती मान्य करण्यात आली. दार उघडून पूर्ण जबाब मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दर गुरुवारचा भाग वाचला जात असताना माझे पती बाकावरून उठले. अंतराने केस नीट करून फोन केल्याचा भाग वाचला जात असताना ते आत आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांनी आपला मोबाईल उघडून, कालचे दोन न घेतलेले फोन दिसतील असा, अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. मग ते अधिकाऱ्यांना विचारून शेजारच्या खोलीत, जिथे भागीरथीबाई बसल्या आहेत, तिथे गेले. तिथे ते काय बोलले हे मला ऐकू आले नाही. भागीरथीबाई म्हणालेले ऐकू आले, "बसा. पानी घ्या." एवढा मजकूर माझ्या सांगण्यावरून नंतर जोडला आहे व तोही मला वाचून दाखवला आहे. बरोबर आहे.

जबाब देणारी लिहिता-वाचता येणारी असून उजवा हात भाजलेला असल्याने सहीऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे.

सौ. सरोज आनंद मेहेंदळे

समक्ष: महिला पोलीस उपनिरीक्षक